माहेरची वाट आणि मोबाइलमधले नकाशे

गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. घट मांडून, कहाणी वाचून, नैवेद्य दाखवून मी नुकती कुठे टेकले होते, तोच देवरुखहून आईचा फोन आला. अण्णा अंगणात पाय घसरून पडले होते. शेजाऱ्यांनी त्यांना देवरुखच्या दवाखान्यात आणले होते. डॉक्टरांचे म्हणणे, खुब्याचे हाड आहे, रत्नागिरीला हलवावे लागेल.

"तू येशील का गो?" आईने विचारले. माझी आई असे कधी विचारत नाही.

आमचे हे कामासाठी नागपूरला, मुलगा शिकायला पुण्याला. दारात गाडी होती आणि पर्समध्ये सहा वर्षांपूर्वी काढलेले लायसन होते. कोल्हापुरात मी गाडी चालवते. मंडई, बँक, फार तर जोतिबा. रात्रीचा घाट कधी केलेला नव्हता. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जा तू. मी आतून कडी लावून घेते. पोचलीस की फोन कर, कितीही वाजू देत."

मैत्रिणींनो, तुम्हाला हसू येईल, पण लग्नाला चोवीस वर्षे होऊन मला माहेरचा रस्ता येत नव्हता. गेले होते शंभरदा, पण डाव्या सीटवर बसून, मागे वळून मुलांना बिस्किटे देत. मलकापूर म्हणजे चहा आणि आंबा म्हणजे गार वारा, एवढाच माझा भूगोल. रस्ता यांच्या डोक्यात असायचा. आता रस्ता मोबाइलमध्ये आहे, मग घाबरायचे कशाला, असे मनाशी म्हणत मी साडेआठला निघाले.

आंब्यापर्यंत मोबाइल शहाण्यासारखा बोलत होता. तिथे थांबून मी आईला फोन केला, आणि बॅटरी उतरते आहे असे दिसले म्हणून नकाशाचे ॲप बंद करून टाकले. तीच चूक. घाट उतरल्यावर ॲप पुन्हा उघडले, तर रेंज नाही. पडद्यावर एक निळा ठिपका आणि भोवती नुसता करडा रंग. 'मार्ग सापडत नाही, इंटरनेट तपासा.' बाहेर अंधार, धुके, चौपदरीकरणाच्या कामात ओळखीची झाडे गेलेली. साखरप्याचा फाटा कधी मागे पडला ते कळलेच नाही. दाभोळे गेले, नाणीज आले, तेव्हा रेंज आली आणि पोटात गोळाही आला. एक ट्रकवाले टायर बघत उभे होते. ते म्हणाले, "ताई, देवरुख मागं राहिलं. साखरप्याला उजवीकडं होता तुमचा फाटा. आता परत जाताना डावीकडं बघा."

साडेबाराला मी दवाखान्यात पोचले. आई बाहेरच्या बाकावर शाल पांघरून बसली होती. रुग्णवाहिका तासाभरापूर्वीच येऊन उभी होती, पण सही करायला आई माझी वाट बघत होती. अण्णा तेवढा वेळ कण्हत पडले होते. रत्नागिरीला शस्त्रक्रिया झाली, आता ते काठी घेऊन हिंडतात, सगळे नीट आहे. पण बाकावरचा तो तास आईने कसा काढला, हे तिने मला अजून सांगितलेले नाही.

त्या रात्री मोबाइलमध्ये कोणते ॲप होते ते मी सांगणार नाही. त्याची चूक थोडी होती, माझी जास्त. पातेले घेताना आपण ते ठोकून बघतो, साडीचा काठ उलटा करून बघतो. आणि ज्याच्या भरवशावर रात्री घाट उतरायचा ते ॲप मात्र कोणीतरी मोबाइलमध्ये घालून दिले म्हणून वापरतो! अण्णा घरी आल्यावर मी ठरवले की ही ॲपे एकेक करून पारखायची. दोन महिने पारखली. दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणे केली. त्यातले जे तुमच्याही उपयोगाचे, ते इथे देते.

ठिपका वेगळा, नकाशा वेगळा

सगळ्यात आधी मला जे कळले, आणि जे आधी कोणी सांगितले असते तर मी साखरप्याला चुकले नसते, ते हे: मोबाइलमधला निळा ठिपका आणि त्याच्याखालचा नकाशा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ठिपका आकाशातून येतो, नकाशा इंटरनेटवरून.

जी.पी.एस. हे अमेरिकेच्या उपग्रहांचे जाळे. पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. आज सुमारे तीस उपग्रह जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरत असतात आणि सारखे एवढेच सांगत असतात, की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण वीज लांब पडली की जवळ ते ओळखतो ना? तसेच मोबाइल करतो. उपग्रहाचा निरोप यायला किती वेळ लागला यावरून तो अंतर काढतो. तीन उपग्रहांपासूनचे अंतर कळले की जागा कळावी. पण आपल्या मोबाइलचे घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतके पक्के नसते, म्हणून त्याची चूक काढायला चौथा लागतो. पूर्वी अमेरिकेचे सरकार सामान्य लोकांसाठी यात मुद्दाम थोडी चूक ठेवायचे, ती मे २००० मध्ये काढून टाकली. आपल्या इस्रोचीही 'नाविक' नावाची व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला, आणि अलीकडचे बरेच मोबाइल तिचेही निरोप ऐकतात.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की मोबाइल हे निरोप फक्त ऐकतो, रेडिओसारखा. त्याला ना रेंज लागते, ना रिचार्ज. म्हणून घाटाखालीसुद्धा माझा ठिपका बरोबर जागी होता! उघड्या आभाळाखाली तो पाचेक मीटर इकडेतिकडे असतो. उंच इमारतींच्या किंवा दाट गल्लीच्या मध्ये निरोप भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे तो शेजारच्या बोळात उडी मारतो. तेव्हा गोंधळू नका, चार पावले मोकळ्यावर या.

मग त्या रात्री नव्हते काय? नकाशा. तो मी आधी उतरवून घेतला नव्हता, म्हणजे डाउनलोड केला नव्हता. ॲप बंद न करता तशीच गेले असते, तर ठरलेला रस्ता त्याच्यापाशी होता, त्याने मला बहुधा नेले असते. मी ते बंद केले आणि रस्ता पुसला गेला.

कोणाचा नकाशा कसा

गूगल मॅप्स बहुतेकींच्या मोबाइलमध्ये आधीपासून असतोच. २००५ साली निघालेला हा नकाशा दुकाने, दवाखाने, मंगल कार्यालये शोधायला सर्वांत भरलेला, आणि रहदारीचा अंदाजही देतो. हा अंदाज काही आकाशातून येत नाही बरं का. रस्त्यावरच्या इतर लोकांचे मोबाइल किती वेगाने सरकत आहेत यावरून येतो. त्यामुळे शहरात तो चांगला साधतो. घाटात रात्री मोबाइल थोडे, रेंज नाही, तिथे अंदाज तो अंदाजच. स्कूटरवाल्या मैत्रिणींसाठी यात दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर २०१७ पासून आहे. तो निवडला नाहीत तर ॲप तुम्हाला मोटारीचा वळसा घालायला लावील. गावांची नावे मराठीतही दिसतात. आणि ज्या घराला धड पत्ता नाही, त्यालाही हा एक अक्षर-आकड्यांचा 'प्लस कोड' देतो. गूगलचा नकाशा घरबसल्या उतरवून ठेवता येतो, पण त्याला मुदत असते, अधूनमधून ताजा करावा लागतो. आणि रेंज नसताना तो फक्त मोटारीचा रस्ता दाखवतो. पायी रस्ता, रहदारी, दुसरा पर्यायी मार्ग यांतले काही मिळत नाही. हे माहीत असावे.

दुसरा मॅपल्स. हा मॅपमायइंडिया या आपल्या भारतीय कंपनीचा. १९९५ साली राकेश आणि रश्मी वर्मा या पती-पत्नींनी ही कंपनी काढली, जी.पी.एस. हा शब्दही आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हता तेव्हा. (रश्मीताईंचे नाव आपल्या मासिकांत फार कमी वाचायला मिळते, म्हणून मुद्दाम लिहिले.) यात घराघराला सहा अक्षरांची खूण देण्याची सोय आहे, आणि पुढे गतिरोधक, खड्डा किंवा अवघड वळण आहे अशा सूचना मिळतात. मोठ्या चौकात कोणत्या पट्ट्यातून निघायचे याचे चित्रही दिसते. मान आखडून पाट्या वाचणाऱ्या नवशिकीला हे चित्र फार धीर देते.

तिसरा ऑरगॅनिक मॅप्स. याची गोष्ट मला फार आवडली. २००४ साली इंग्लंडात 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा एक उद्योग सुरू झाला. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावाचे रस्ते, विहिरी, देवळे स्वतः भरायची आणि तो नकाशा सगळ्यांना फुकट वापरू द्यायचा. भिशीसारखेच, पण पैशाऐवजी रस्ते! त्या नकाशावर ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप २०२१ साली निघाले. ते मुळातच इंटरनेटशिवाय चालण्यासाठी केलेले आहे. आधी नकाशा उतरवायचा, मग मोबाइल गप्प बसला तरी रस्ता शोधता येतो, चुकल्यावर नवा काढता येतो. जाहिराती नाहीत, आपण कुठे गेलो याची नोंद कोणाकडे जात नाही. उणीव अशी, की रहदारी कळत नाही, आणि जिथे हौशी माणसे पोचली तिथे नकाशा गच्च, जिथे नाही तिथे विरळ.

चौथा हिअर वुईगो. पूर्वी नोकियाच्या मोबाइलमध्ये जो नकाशा यायचा त्याच घराण्यातला. यातही नकाशे उतरवून ठेवता येतात. मला तो साधा, कमी गडबडीचा वाटला. पण आमच्याकडची दुकाने शोधायला मी तो वापरणार नाही.

चारही ॲपे घेताना पैसे पडत नाहीत. जागा मात्र खातात. मोबाइलमध्ये सकाळच्या शुभेच्छांची चित्रे साठली असतील तर आधी ती काढा.

आमच्या गल्लीतली परीक्षा

आता कोणते ॲप पहिले आले, असे तुम्ही विचाराल. कोण कुठे चुकले हे मी नावानिशी लिहीत नाही, कारण ही ॲपे पंधरा दिवसांत बदलतात, आणि माझी गल्ली म्हणजे तुमची गल्ली नव्हे. परीक्षा कशी घेतली ते सांगते. तुमच्या गावात तुम्ही घ्या.

पहिली परीक्षा ओळखीच्या जागेची. आपल्याला पाठ असलेल्या ठिकाणी जायचा रस्ता विचारायचा आणि ॲप काय सांगते ते बघायचे. मी शिवाजी पेठेतून महाद्वार रोडला जायला सांगितले. एकाने स्कूटरला छान बोळ दाखवला. दुसऱ्याने मोटारीला तोच बोळ दाखवला! मी मुद्दाम गेले, आणि दोन्ही आरसे मिटून, भिंतीवर वाळत घातलेली कुणाची तरी गोधडी बाजूला सारत बाहेर पडले. गूगलने जुलै २०२४ मध्ये अरुंद रस्ते टाळण्याची सोय आठ शहरांसाठी जाहीर केली, त्यांत महाराष्ट्रातले एकही नव्हते. म्हणून पेठांतून जाताना हमरस्ता सोडायला सांगितले तर जरा थांबून नकाशा मोठा करून बघा.

दुसरी परीक्षा नावांची. 'उभा मारुती चौक' असे देवनागरीत लिहून बघितले, इंग्रजीत लिहून बघितले, बोलून बघितले. बोलून विचारले की मोबाइल कधी कधी भलतेच ऐकतो. त्याहून मोठी पंचाईत एकाच नावाच्या दोन गावांची. आमच्या रत्नागिरीच्या रस्त्यावर पाली आहे, आणि बल्लाळेश्वराची पाली रायगडात. 'पाली' लिहून पहिले नाव दाबले, तर रत्नागिरीला निघालेली बाई अष्टविनायकाच्या वाटेला लागायची! म्हणून निघण्यापूर्वी जिल्ह्याचे नाव आणि किलोमीटर ही दोन्ही वाचायचीच. किलोमीटरचा आकडा मनातल्या आकड्याशी जुळला नाही तर गाडी सुरू करायची नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. ओट्याशी उभ्या राहून करता येते. मोबाइलचे इंटरनेट बंद करा, घरातले वाय-फायही बंद करा. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता तुमच्या माहेरचा रस्ता विचारा. रस्ता निघाला तर ते ॲप पास. नाही निघाला तर नकाशा उतरवून घ्या आणि पुन्हा विचारा. एवढे मी त्या गुरुवारी दुपारी केले असते तर! उतरवताना एक लक्षात ठेवा, घरापासून माहेरापर्यंतचा मधला सगळा पट्टा त्यात यायला हवा. नुसते दोन टोकांचे तालुके घेऊन भागत नाही, घाट मधेच असतो.

चौथी परीक्षा आवाजाची. गाडी चालवताना पडद्याकडे बघायचे नसते, ऐकायचे असते. एका आवाजाने मला निघतानाच सांगितले, 'ईशान्येकडे निघा.' आता वास्तुशास्त्रवाले सोडले तर ईशान्य दिशा पटकन कोणाला सांगता येते? दुसऱ्याचा आवाज गोड, पण वळण आले की सांगणार, वळणाच्या आधी नाही. मला जे आवडले ते ॲप दोनदा सांगायचे, लांबून एकदा आणि जवळ आल्यावर एकदा. आवाजांच्या यादीत मराठी आहे का ते बघा, आणि हेल्मेट घालून ऐकू येते का तेही बघा.

वहीत मी वेळाही लिहिल्या. ॲपने सांगितलेली आणि लागलेली. शहरात फरक चार-पाच मिनिटांचा. घाटात सगळ्यांचेच अंदाज कोसळले, कारण पुढे उसाची ट्रॉली आहे हे कोणालाच कळत नाही. पोचायची वेळ सांगताना आई-वडिलांना पाऊण तास वाढवूनच सांगा. बिचारी फाटकाशी उभी राहतात.

मोबाइल हातात धरू नका, काचेजवळ स्टँड लावा. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता बघण्यापुरता मोबाइल वापरायला नियमात मुभा आहे, पण लक्ष विचलित न होऊ देता. चार्जरची वायर गाडीत कायमची ठेवा. बॅटरीपायी मी काय करून बसले ते वर लिहिलेच आहे.

नकाशाला पाणी दिसत नाही

हे वाचताना कोणी म्हणेल, एवढी परीक्षा कशाला? तर ऐका. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची मोटार रात्री नकाशाच्या सांगण्यावरून कोतूळजवळच्या पुलावर गेली. तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. आणि जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एका बाईंची मोटार पुलावरून जायची ती पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत उतरली. त्यांना सागरी सुरक्षेच्या पोलिसांनी वाचवले.

कारण समजून घ्या. ॲप कमीत कमी वेळाचा रस्ता शोधते. त्या रस्त्यावर आज पाणी आहे, पूल खचला आहे, हे त्याला कोणी कळवल्याशिवाय कळत नाही. पुलावरचा रस्ता आणि पुलाखालचा रस्ता नकाशात एकावर एक पडतात, तिथेही ते घोटाळते. (गूगल आता काही शहरांत उड्डाणपूल घ्यायचा की नाही ते आधी सांगतो, पण वरची पाटी वाचण्याला पर्याय नाही.) आम्हा कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधारा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ पुण्याचा हमरस्ताच बंद पडला होता. माझा नियम असा, की जून ते सप्टेंबर बंधाऱ्यावरचा, ओढ्यावरचा, नदीकाठचा रस्ता ॲपने कितीही जवळचा म्हणून दाखवला तरी घ्यायचा नाही. रात्री रस्ता अरुंद होत गेला आणि समोरून एकही गाडी येत नसली, तर थांबायचे. परत फिरायला लाजायचे नाही. आणि माणूस दिसले तर विचारायचे. मला देवरुखचा रस्ता शेवटी एका माणसानेच सांगितला.

आपण कुठे आहोत, हे कोणाला सांगावे?

या ॲपांतून किंवा व्हॉट्सॲपवरून आपली जागा दुसऱ्याला दाखवता येते. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशी मुदत निवडायची असते. त्या रात्री मी हे केले असते तर नागपुरात बसून यांना माझा ठिपका दिसला असता. निदान रेंज होती तोपर्यंत तरी, आणि नाणीजला तर नक्कीच. रात्रीच्या प्रवासात आठ तासांची मुदत टाकून नवऱ्याला, मुलीला, भावाला दाखवा. अडचण आली तर ११२ हा नंबर कोणत्याही मोबाइलवरून लावा.

पण याची दुसरी बाजूही बोलायला हवी. माझी एक मैत्रीण आहे, नाव नको. तिची जागा तिच्या घरी कायमची दिसते. भाजी घ्यायला गेली आणि परतताना बहिणीकडे अर्धा तास टेकली, की संध्याकाळी प्रश्न: "तिकडं काय काम होतं?" ती आता मोबाइल घरी ठेवून बाहेर पडते. म्हणजे ज्या वस्तूने तिला धीर यायचा तीच तिने टाकून दिली. काळजी म्हणून दाखवणे वेगळे आणि पाळत म्हणून दाखवणे वेगळे, आणि हे घरात स्पष्ट बोलायला काही हरकत नाही. प्रवासापुरती मुदत घाला, पोचलात की बंद करा. आपल्या मोबाइलची ही सोय कोणी कायमची चालू करून ठेवलेली नाही ना, हे आजच एकदा बघा.

आमच्या घरी यावर वाद झाला नाही, पण नकाशावरून झाला. हे म्हणाले, "अगं, वीस वर्षांत मला कधी नकाशा लागला नाही." मी म्हटले, "अहो, तुम्हाला लागत नव्हता म्हणूनच मला लागला." त्यावर हे गप्प बसले आणि मग माझ्या मोबाइलसाठी स्टँड घेऊन आले.

फाल्गुनात मी पुन्हा देवरुखला गेले, एकटी, दिवसा. मोबाइलमध्ये दोन ॲपे ठेवली होती. शहरातून निघताना रहदारी सांगणारे, आणि मलकापूरच्या पुढे इंटरनेटशिवाय चालणारे. दोन्हींत नकाशा उतरवलेला. आंब्याला चहा घेतला, ॲप बंद केले नाही. घाट उतरताना रेंज गेली. आवाज आपला बोलतच होता. साखरप्याच्या अलीकडे त्याने एकदा सांगितले, फाट्यावर दुसऱ्यांदा सांगितले, आणि मी उजवीकडे वळले.

देवरुखच्या पुढे मात्र दोन्ही ॲपांनी डांबरी रस्त्याच्या टोकाला 'आपण पोचलात' म्हणून हात झटकले. आमची वाडी तिथून खाली, पऱ्ह्याच्या पलीकडे. नकाशात ना वाडीचे नाव, ना तो कच्चा रस्ता. संध्याकाळी अण्णांना आणि आईला पडवीत बसवून मी मोबाइल उघडला. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते काढले की ऑरगॅनिक मॅप्समधूनच जागेचे नाव भरता येते. वाडीचे नाव भरले, सातेरीचे देऊळ भरले, विहीर भरली. कच्चा रस्ता त्यात काढता येत नाही, तो भाच्याने संगणकावर काढायचे कबूल केले आहे. आई म्हणाली, "तो वड पण घाल. सगळे वडाकडूनच वळतात."

मग आमच्या घराची खूण माझ्या मोबाइलमध्ये आणि भावाच्या, भाच्याच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवली. अण्णा काठी टेकत बेड्यापर्यंत आले, म्हणाले, "इथं लाव. मागच्या गोठ्याशी लावलीस, तर रात्री रुग्णवाहिका गोठ्यात जाईल."